धातूचा इलेक्ट्रोड झिजायला हवा की टिकायला?

प्रश्न असा आहे: बॅटरी, वेल्डिंग आणि विद्युत-रसायन या तिन्ही ठिकाणी धातूचे इलेक्ट्रोड लागतात. कुठे कोणता धातू घ्यायचा हे कशावरून ठरतं, आणि इलेक्ट्रोड वेळेआधी का खराब होतात?

धातूंची यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही. इलेक्ट्रोड कुठलाही असो, आधी दोन गोष्टी पाहाव्यात. हा झिजावा म्हणून लावला आहे की टिकावा म्हणून? आणि त्याच्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून किती करंट जाणार आहे? प्लेटिंगच्या (विजेने धातूचा थर चढवण्याच्या) टाकीतलं तांबं, ड्राय सेलमधलं जस्त, वेल्डिंगची रॉड हे सगळे संपायलाच असतात. टिग वेल्डिंगचं (आर्गनखाली, न वितळणाऱ्या टोकाने होणाऱ्या वेल्डिंगचं) टंगस्टन, स्पॉट वेल्डिंगच्या टिपा, टायटॅनियमची जाळी यांनी टिकायचं असतं. झिजणाऱ्याचं झिजणं थांबलं किंवा टिकणाऱ्याचं सुरू झालं की बिघाड. आणि तो जवळजवळ नेहमी पृष्ठभागावरच्या काही मायक्रॉनच्या थरात सुरू होतो. आतला धातू बहुतेक वेळा निर्दोष असतो.

धन-ऋणाचा घोळ आधी मिटवू. ॲनोडवर ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन देणं) होतं आणि कॅथोडवर क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं), ही व्याख्या कुठेच बदलत नाही; बदलतं ते चिन्ह. बॅटरी वापरात असताना ॲनोड ऋण असतो, टाकीत बाहेरून वीज देतो तेव्हा ॲनोड धन असतो. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीत दोन्ही प्लेटांच्या भूमिका उलटतात, म्हणून बॅटरीवाले सरळ पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह प्लेट म्हणतात. ते जास्त सोयीचं आहे.

झिजणाऱ्या इलेक्ट्रोडचा हिशेब फॅरेडेच्या नियमाने अगदी चोख होतो. एका मोल इलेक्ट्रॉनांना ९६,४८५ कूलोम लागतात. त्यावरून एका ॲम्पिअर-तासाला तांबं १.१९ ग्रॅम, निकेल १.१० ग्रॅम, जस्त १.२२ ग्रॅम आणि चांदी ४.०२ ग्रॅम निघते. एक उदाहरण घ्या. जॉबचं, म्हणजे थर चढवायच्या वस्तूचं, एकूण क्षेत्रफळ २ चौरस डेसिमीटर आहे आणि ॲसिड कॉपरच्या (तांब्याच्या आम्लयुक्त द्रावणाच्या) टाकीत दर चौरस डेसिमीटरला ३ ॲम्पिअर द्यायचे आहेत. म्हणजे ६ ॲम्पिअर. एका तासात ७.१ ग्रॅम तांबं चढेल आणि थर सरासरी ४० मायक्रॉनचा होईल. प्रत्यक्षात कडांवर तो जास्त आणि खाचांमध्ये कमी भरतो. जॉबचं वजन आधी आणि नंतर करून हा आकडा पडताळावा. वजन बरंच कमी भरलं तर करंट दुसरीकडे कुठेतरी जातोय: हायड्रोजन बनवण्यात, उघड्या राहिलेल्या हुकावर, किंवा शेजारच्या जॉबवर.

आता या टाकीतल्या ॲनोडकडे पाहू, कारण गफलत सर्वांत जास्त इथेच होते. तांबं शुद्ध असलं की झालं, असा समज असतो. ॲसिड कॉपरमध्ये अगदी शुद्ध तांब्याचा ॲनोड लावला तर तो विरघळताना एकसंयुजी तांब्याचे आयन सोडतो. ते लगेच मोडून तांब्याची बारीक भुकटी तयार होते. ती जॉबवर बसते आणि हात फिरवल्यावर खरखर लागते. म्हणून या टाकीत ०.०४ ते ०.०६५ टक्के फॉस्फरस असलेलं तांबं वापरतात. फॉस्फरसमुळे ॲनोडवर काळपट थर धरतो, आणि त्या थराखालून तांबं सावकाश, एकसारखं विरघळतं. नवा ॲनोड टाकीत सोडल्यावर लगेच कामाचा जॉब लावू नये. टाकाऊ पत्रा लावून काही तास कमी करंटवर चालवावं, थर बसू द्यावा. हा काळा थर मळ समजून घासून काढणारे लोक आहेत. त्यांना तीच खरखर पुन्हा दिसते. फॉस्फरस प्रमाणाबाहेर असला तर थर जाड होऊन सुटतो, तेही वाईट. आणि हेच फॉस्फरसवालं तांबं सायनाइड कॉपरच्या टाकीत चालत नाही, तिथे बिनफॉस्फरसचंच लागतं. ॲनोडवर पॉलिप्रॉपिलीनची पिशवी हवी, तिचं तोंड द्रावणाच्या पातळीच्या वर यायला हवं. ॲनोडचं क्षेत्रफळ जॉबच्या साधारण दुप्पट ठेवावं.

निकेलची अडचण नेमकी उलटी. अतिशुद्ध निकेल विरघळायचंच थांबतं, कारण त्याच्यावर ऑक्साइडचा निष्क्रिय थर बसतो. त्यावर दोन उपाय आहेत: द्रावणात क्लोराइड ठेवणं, किंवा ॲनोडमध्येच थोडं गंधक असणं. वॉट्स बाथमध्ये, म्हणजे निकेल प्लेटिंगच्या नेहमीच्या द्रावणात, साधारणपणे लिटरला २४० ते ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, ३० ते ९० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि ३० ते ४५ ग्रॅम बोरिक ॲसिड असतं. पीएच ३.५ ते ४.५ आणि तापमान ४५ ते ६५ अंश सेल्सिअस. यातला क्लोराइड प्रामुख्याने ॲनोडसाठी आहे. ॲनोड निष्क्रिय झाला की नाही हे पीएचवरून कळतं. निरोगी टाकीत पीएच हळूहळू चढतो, कारण ॲनोडवर जवळजवळ सगळा करंट निकेल विरघळवण्यात जातो, तर कॅथोडवर चार-पाच टक्के हायड्रोजन बनवण्यात जातो. पीएच आपोआप उतरायला लागला तर समजा, ॲनोडवर निकेल विरघळण्याऐवजी ऑक्सिजन सुटतोय आणि त्याबरोबर आम्ल तयार होतंय. व्होल्टेज वाढलेलं दिसेल, ॲनोडपाशी बुडबुडे दिसतील. अशा वेळी पीएच सावरण्यासाठी निकेल कार्बोनेट घालत बसू नका; क्लोराइड तपासा, आणि ॲनोडच्या बास्केटमध्ये (निकेलचे तुकडे ठेवायच्या जाळीच्या टोपलीत) तुकडे पुरेसे आहेत का ते पाहा. बास्केट अर्धी रिकामी झाली की उरलेल्या तुकड्यांवर करंटची घनता दुप्पट होते, आणि तिथून हे सुरू होतं.

हेक्झाव्हॅलंट (सहासंयुजी) क्रोमच्या टाकीत ॲनोड विरघळवायचाच नसतो. क्रोमियम द्रावणातून मिळतं आणि ॲनोड शिशाचा, कथील किंवा अँटिमनी मिसळलेला असतो. त्याच्यावर लेड डायऑक्साइडचा थर धरतो, आणि कॅथोडपाशी तयार झालेल्या त्रिसंयुजी क्रोमियमला हाच थर परत सहासंयुजी करतो. रंग पाहून सांगता येतं: चॉकलेटी ॲनोड म्हणजे काम चालू, पिवळा-नारिंगी म्हणजे लेड क्रोमेट धरलं आणि ॲनोड बंद पडला. टाकी बंद असताना ॲनोड आत लटकत राहिले की हा पिवळा थर जमतो. तारेच्या ब्रशने तो काढावा, पण ओला ठेवून आणि हातमोजे घालूनच. सुकी धूळ उडाली की शिसं आणि क्रोमेट दोन्ही छातीत जातात.

टिकाऊ ॲनोड हवा म्हणून हाताशी असलेलं स्टेनलेस स्टील लावायचा मोह होतो. गंज काढण्यासाठी घरगुती टाकी करणारे हे फार करतात. करू नका. धन बाजूला जोडल्यावर स्टेनलेसमधलं क्रोमियम विरघळतं, सहासंयुजी रूपात द्रावणात येतं, आणि ते कर्करोगकारक आहे. पाणी पिवळं पडू लागलं तर तेच कारण. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात साध्या लोखंडाची पट्टी लावा. ती झिजेल, झिजू द्या. मीठ घालू नका, त्याने क्लोरीन सुटतो. जागा हवेशीर ठेवा, कारण हायड्रोजन तर येतोच.

मिठाच्या पाण्यापासून क्लोरीन बनवणाऱ्या कारखान्यांत पूर्वी ग्रॅफाइटचे ॲनोड असत. ते झिजत, दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर वाढत जाई आणि वीज जास्त लागे. १९६० च्या दशकात टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा लेप असलेले ॲनोड आले आणि तो उद्योग बदलला. नुसतं टायटॅनियम ॲनोड म्हणून निरुपयोगी असतं: त्याच्यावरचा ऑक्साइड करंट अडवतो. पण हाच दोष लेपाखाली गुण ठरतो, कारण लेपाला चरा पडला तरी खालचा धातू स्वतःला झाकून घेतो. ऑक्सिजन सुटणार असेल तिथे इरिडियम ऑक्साइडचा लेप घ्यावा. या ॲनोडचे दोन शत्रू पक्के लक्षात ठेवा: फ्लोराइड आणि उलटा करंट. स्केल (जमलेले क्षार) काढण्यासाठी पोलॅरिटी उलटवण्याची सोय मशीनमध्ये असेल, तर त्यासाठी खास बनवलेला लेप आहे का हे आधी विचारा. साधा लेप उलट करंटने भराभर उतरतो.

बॅटरीकडे वळू. शिसं-आम्ल बॅटरीत पॉझिटिव्ह प्लेटवर लेड डायऑक्साइड आणि निगेटिव्हवर सच्छिद्र शिसं असतं. १८५९ मध्ये गॅस्तों प्लांते याने ती बनवली आणि रसायन आजही तेच आहे. पाणी १.२३ व्होल्टला फुटू शकतं, मग जवळपास २.१ व्होल्टच्या सेलमध्ये ते पडून पडून फुटून का जात नाही? कारण शिशावर हायड्रोजन फार नाखुशीने सुटतो, त्याला बरंच जास्तीचं व्होल्टेज लागतं. ही बॅटरी शक्य झाली ती शिशाच्या या गुणामुळे. म्हणूनच अशुद्धी इतकी महाग पडते. प्लेटची चौकट असलेली शिशाची जाळी कडक व्हावी म्हणून त्यात अँटिमनी घालतात. ते पॉझिटिव्ह जाळीतून सुटून निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसतं आणि तिथे हायड्रोजन सहज सुटू लागतो. जुनी अँटिमनीची बॅटरी जास्त पाणी पिते ते यामुळे. कॅल्शियमच्या जाळीत हा प्रकार नाही, म्हणून सीलबंद बॅटऱ्यांत ती असते. पण वारंवार खोल डिस्चार्ज होणार असेल तर अँटिमनीची जाळी पॉझिटिव्ह मसाला (तिच्यात भरलेलं लेड डायऑक्साइड) जास्त चांगला धरून ठेवते. पाणी घालायची तयारी असेल तर अशा कामाला मी अँटिमनीचीच निवडीन.

डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बनतं. ते मूळ शिशाच्या सुमारे अडीच पट जागा घेतं, म्हणजे प्लेट दर फेरीला फुगते आणि आकसते. त्यातून मसाला सुटून तळाशी साचतो. बॅटरी रिकामी ठेवली तर सल्फेटचे बारीक कण मोठे आणि कठीण होत जातात, मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. त्यामुळे १२ व्होल्टच्या बॅटरीचं विश्रांतीतलं व्होल्टेज १२.४ च्या खाली दिसलं की चार्ज करावी. पूर्ण भरलेली १२.६ ते १२.७ दाखवते. हायड्रोमीटरवर भरलेल्या सेलमधल्या आम्लाची ग्रॅव्हिटी (विशिष्ट गुरुत्व) साधारण १.२८ येते. सहांपैकी एकच सेल ०.०५ ने मागे असेल तर त्या सेलमध्ये दोष आहे, चार्जरमध्ये नाही. पातळी उतरली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आम्ल उडून गेलेलं नसतं. ते सल्फेट होऊन प्लेटवर बसलेलं असतं. वरून आम्ल घातलं तर ग्रॅव्हिटी चांगली दिसेल आणि जाळी लवकर गंजेल. कायम चार्जरवर राहणाऱ्या बॅटरीला २५ अंशांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट द्यावेत, आणि तापमान चढेल तसं अंशामागे २० ते ३० मिलिव्होल्ट उतरवावेत. हे न केल्यास पॉझिटिव्ह जाळी गंजून फुगते आणि धन टोक झाकणासकट वर आलेलं दिसतं. त्यावर इलाज नाही.

लिथियम-आयन सेलमध्ये धातू दिसतो तो पातळ पत्र्याच्या रूपात: निगेटिव्हला तांबं, पॉझिटिव्हला ॲल्युमिनियम. अदलाबदल चालत नाही. निगेटिव्ह बाजूच्या ग्रॅफाइटच्या कमी विभवावर (व्होल्टेजवर) ॲल्युमिनियम लिथियमशी संयोग पावून ठिसूळ होतं, आणि पॉझिटिव्हच्या जास्त विभवावर तांबं विरघळतं. यातूनच एक धोक्याची गोष्ट निघते. सेल अति रिकामा झाला की निगेटिव्ह बाजूचं विभव इतकं वर जातं की तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं जागा मिळेल तिथे बसतं आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. १.५ व्होल्टच्या खाली जाऊन बरेच दिवस पडलेला सेल हळूहळू चार्ज करून ‘जिवंत’ करण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्यांच्या नादी लागू नका, तो सेल रीसायकलिंगला द्या. शून्य अंशाखाली चार्ज करणंही टाळा. थंडीत लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू म्हणून चढतं.

वेल्डिंगच्या रॉडबद्दल थोडक्यात, कारण तिथले बहुतेक प्रश्न ओलाव्याचे असतात. ७०१८ या रॉडच्या आकड्यातले ७० म्हणजे ७०,००० पीएसआय ताणबळ, सुमारे ४९० मेगापास्कल. १ म्हणजे सर्व स्थितींत चालते. ८ म्हणजे कमी हायड्रोजनचा, लोहभुकटी असलेला लेप. हा लेप हवेतला ओलावा ओढतो. आर्कमध्ये त्याचा हायड्रोजन होतो, जोडाशेजारच्या कडक भागात शिरतो आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चीर जाते. वरून बीड (वेल्डिंगची रेघ) सुंदरच दिसते, हीच यातली फसवणूक. पाकीट फोडल्यावर रॉड १२० अंशांच्या वर तापवलेल्या पेटीत ठेवावी, बाहेर चार तासांहून जास्त राहू देऊ नये. ओली झालीच तर २६० ते ४३० अंशांत, कंपनीने पाकिटावर दिलेल्या तापमानाला, दोन तास भाजावी, आणि तेही एकदाच. याच भट्टीत ६०१० ची रॉड टाकाल तर ती रॉड वाया गेली, कारण तिच्या सेल्युलोजच्या लेपाला थोडा ओलावा लागतोच. करंट साधारण दर मिलिमीटर व्यासाला ४० ॲम्पिअर धरून सुरुवात करा: ३.१५ ची रॉड १२० च्या आसपास. ७०१८ ला डीसी आणि होल्डर पॉझिटिव्हला. आर्कची लांबी तारेच्या व्यासापेक्षा जास्त नको.

टिगमध्ये टंगस्टन टिकलं पाहिजे. ते ३,४२२ अंशांना वितळतं, तरीही डीसीमध्ये टॉर्च पॉझिटिव्हला जोडलं तर टोक गोळा होऊन गळतं, कारण उष्णतेचा मोठा वाटा पॉझिटिव्ह बाजूला पडतो. म्हणून टॉर्च निगेटिव्हला. ॲल्युमिनियमला एसी लागतो, कारण त्यावरचा ऑक्साइड २,००० अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू ६६० ला. टंगस्टन पॉझिटिव्ह असतं त्या अर्ध्या फेरीत तो ऑक्साइड फुटून निघतो. टोकाला धार लावताना ग्राइंडरच्या रेषा लांबीच्या दिशेने याव्यात. आडव्या आल्या तर आर्क भटकतो. निमुळत्या भागाची लांबी व्यासाच्या दोन ते अडीच पट, आणि अगदी टोक किंचित सपाट. लाल पट्ट्याच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे. धार लावतानाची धूळ श्वासात जाऊ नये. लँथेनमचं किंवा सेरियमचं घेतलं तर ही चिंताच नाही आणि आर्कही तितकाच चांगला लागतो. काम थांबल्यावर टोक निळं-काळं दिसलं तर आर्गन लवकर बंद होतोय. दर १० ॲम्पिअरला एक सेकंद या हिशेबाने तो चालू ठेवा.

स्पॉट वेल्डिंगच्या टिपांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. शुद्ध तांबं फार चांगला वाहक, मग क्रोमियम-झिर्कोनियम मिसळून वाहकता ७५-८० टक्क्यांवर का आणायची? कारण शुद्ध तांबं २०० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि हे मिश्रण ४७५ अंशांपर्यंत कडक राहतं. एक मिलिमीटरच्या साध्या पत्र्याला टिपेचं तोंड ५ मिलिमीटर, बल सुमारे सव्वादोन किलोन्यूटन, करंट ९ ते १० हजार ॲम्पिअर आणि वेळ एसीच्या १० सायकलच्या आसपास घेतात. वापरून टिपेचं तोंड पसरून ६ मिलिमीटर झालं, तर करंटची घनता ६९ टक्क्यांवर येते. उष्णता घनतेच्या वर्गाने जाते, म्हणजे दर घन मिलिमीटरला निम्म्याहूनही कमी, ४८ टक्के. एका मिलिमीटरच्या फरकाने जोड कच्चा राहतो, आणि मशीनच्या मीटरवर करंट तोच दिसत असतो! गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर हे आणखी लवकर होतं: जस्त ४२० अंशांना वितळतं, तांब्यात मिसळून टोकावर पितळ बनतं, त्याची वाहकता कमी, मग टिप अधिक तापते आणि पत्र्याला चिकटते. ठरावीक जोडांनंतर टिप ड्रेस करणं (घासून तोंड मूळ आकारात आणणं) आणि मधल्या काळात करंट पायरीपायरीने वाढवणं हाच मार्ग. पाण्याची नळी टिपेच्या आत तळापर्यंत गेली आहे ना, हेही पाहा. ती वरच संपत असेल तर पाणी फिरतं खरं, पण टोक तापतच राहतं.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी एकच महत्त्वाची गोष्ट. आम्लात हायड्रोजन सुटण्याच्या नव्या उत्प्रेरकाची चाचणी करताना दुसरा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा ठेवू नका. तो अत्यल्प प्रमाणात विरघळतो, कार्यकारी (ज्यावर उत्प्रेरक आहे त्या) इलेक्ट्रोडवर जाऊन बसतो, आणि फेऱ्यांगणिक ‘सुधारत’ जाणारा उत्प्रेरक प्रत्यक्षात प्लॅटिनम असतो. ग्रॅफाइटची कांडी लावा. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्याशी तुलना करून व्होल्टेज मोजतात तो) पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून ठेवा आणि दुसऱ्या, न वापरलेल्या संदर्भाशी जोडून मोजा. पाच मिलिव्होल्टहून अधिक फरक आला तर तो बाजूला करा.

शेवटी, इलेक्ट्रोड बदलण्यापूर्वी त्याचा जोड मोजा. पूर्ण करंट चालू असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा आणि एक टोक बसबारवर (ज्या दांडीला ॲनोड टांगतात तिच्यावर), दुसरं थेट ॲनोडच्या धातूवर टेकवा, हुकावर नव्हे. बॅटरीला इंजिन सुरू करताना एक टोक शिशाच्या खुंटीवर आणि दुसरं केबलच्या क्लॅम्पवर टेकवा. वेल्डिंगला अर्थ क्लॅम्प आणि जॉब यांमध्ये मोजा. तिथे १५० ॲम्पिअरला एक व्होल्ट पडत असेल तर १५० वॉट त्या क्लॅम्पमध्येच जळत आहेत. टाकीत एका हुकावर शेजारच्यांपेक्षा दुप्पट मिलिव्होल्ट दिसले, तर तो ॲनोड आपल्या वाट्याचा पूर्ण करंट घेत नाही आणि उरलेला बाकीच्यांवर पडतो. हूक आणि बार घासून लख्ख करा, पुन्हा मोजा, आणि तरीही फरक राहिला तरच ॲनोड बाहेर काढा.